चाळीसच्या अलीकडे

“ही पोरगी मुकी आहे काय हो, सर?”

मला ऐकू जाऊ नये म्हणून मावशींनी हळू विचारलं होतं. पण त्यांचं हळू म्हणजे मासळी बाजारातलं हळू. शेजारच्या ओट्यावर बोंबील वाळत टाकणाऱ्या दोघी वळून माझ्याकडे बघायला लागल्या.

“मुकी नाही,” सर म्हणाले. “इंग्लिश मीडियमची आहे.”

मावशींनी माझं कोपर धरलं होतं. त्यांच्या डाव्या हातात नवी पांढरी काठी होती, आणि मी त्यांना नुकतंच एका उघड्या गटारापर्यंत नेऊन थांबवलं होतं. एक शब्दही न बोलता. मी थांबले म्हणजे त्यांना कळेल, असं मला वाटलं होतं.

माझे बाबा रेल्वेत. डहाणू रोड स्टेशनजवळ एका खोलीत दृष्टी गेलेल्यांसाठी केंद्र चालतं, तिथे फॉर्म भरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी जात होते. दिव्यांग प्रमाणपत्राचे फॉर्म, पासचे फॉर्म. मला ते काम आवडायचं, कारण कागद उलट प्रश्न विचारत नाही. सर तिथे काठीने चालायला आणि बोलणारा मोबाइल वापरायला शिकवतात. ते तलासरीकडचे, वेवजीचे. त्यांना स्वतःला जन्मापासून दिसत नाही. रोज एकटे बसने येतात, कंडक्टरशी गुजरातीत भांडतात आणि उतरेपर्यंत त्याच्याशी मैत्री करतात. एके दिवशी ते म्हणाले, “मावशींच्या गल्लीत मला डोळे लागतील. समोर काय आहे ते फक्त बोलायचं.” फक्त बोलणं, नेमकं तेच मला जमत नव्हतं.

मावशींची नजर काचबिंदूने गेली होती. मासळी मात्र हातातून गेली नव्हती. कल्ल्याखाली बोट घालून त्या सांगायच्या, ही आजची, ही कालची, ही बर्फवाल्याने उगाच जपलेली. बाजारात त्यांच्या जागेवर आता सून बसायची. सून वाईट नव्हती. तिने सरळ सांगितलं होतं, “एकट्या आलात तर जागा तुमची. पण हात धरून आणायला लागलं, तर मी घर बघू, मासळी बघू की तुम्हाला?” मावशींना राग आला तो यात खोट काढता येत नव्हती म्हणून.

तर आम्ही वाट शिकत होतो. मी पावलं मोजून वहीत लिहायचे. घर ते नळ, नळ ते बर्फाचं दुकान, आणि तिथून डावीकडे वळून मावशींच्या जागेपर्यंत ३९. वहीत सगळं ठीक होतं. पण पहिल्यांदा त्या माझं कोपर सोडून पुढे निघाल्या, आणि बर्फाच्या दुकानापाशी थांबून त्यांनी विचारलं, “आता किती गो?”

माझ्या डोक्यात ‘थर्टी नाइन’ होतं. तोंडातून आलं, “एकोणपन्नास.”

मावशी विश्वासाने मोजत निघाल्या. स्वतःची जागा ओलांडून, दहा पावलं पुढे जाऊन, जिच्याशी त्यांचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं त्या बाईच्या टोपलीसमोर उभ्या राहिल्या आणि काठी टेकून ऐटीत म्हणाल्या, “पोचले!”

“पोचलीस ते दिसतंय,” ती बाई म्हणाली. “आता माझ्या मांदेल्यांवर बसतेस की मी तुला पाट देऊ?”

अख्खी रांग हसली. मला जमिनीत जावंसं वाटलं. मावशींना काय झालं ते कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना टोपलीचा काठ धरावा लागला. टोपली अर्थातच त्या बाईची. तिने ती सरळ धरून ठेवली.

“इकडे ये,” मावशी मला म्हणाल्या. “एकोणचाळीस म्हणजे चाळीसच्या दारात उभं राहायचं. आत पाऊल टाकायचं नाही. एकोणपन्नास म्हणजे पन्नासच्या दारात. शाळेत शिकवलं नाय काय?”

शिकवलं नव्हतं. निदान असं नव्हतं शिकवलं. त्यानंतर रोज वाटेत त्या माझी परीक्षा घ्यायच्या. एकोणसाठ? एकोणऐंशी? मी चुकले की बोंबीलवाल्या दोघी ओट्यावरून ओरडून उत्तर सांगायच्या. आणि मी आकडे बोलता बोलता बाकीचंही बोलायला लागले. पुढे पायरी आहे. उजवीकडे जाळं पसरलंय. एक कोंबडी आहे, ती हलणार नाही असं दिसतंय. सर मागून म्हणायचे, “आता हिला थांबवा कुणीतरी.”

पुढे पावलांची गरजच संपली. बर्फ फोडण्याचा आवाज, मग डावीकडून येणारा सुक्या मासळीचा वास, मग पायाखालचा उतार. वाट मावशींनी स्वतःच ठरवली.

ज्या सकाळी त्या खऱ्याच एकट्या गेल्या, त्या सकाळी माझं काम होतं दहा हात मागे चालणं आणि गप्प राहणं. गप्प राहण्यात मी तरबेज होते. नळापाशी कुणीतरी स्कूटर आडवी लावली होती. काठी चाकाला लागली. मावशींनी तिच्या मालकाला एक शेलका शब्द दिला आणि वळसा घातला. बर्फाचं दुकान आलं. त्या थांबल्या, मान किंचित वर केली, वास घेतला आणि डावीकडे वळल्या.

रांगेतल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मावशींच्या जागेवर बसलेल्या सुनेने वर बघितलं. अट तिनेच घातली होती, पण सासू काठी टेकत उतरावर येताना दिसली आणि तिला राहवलं नाही. हातातली सुरी टाकून ती उठली, ओले हात पदराला पुसत धावत सुटली. मावशींचं मनगट धरायला तिने हात पुढे केला. ती अजून तीन पावलं लांब होती. सर बर्फाच्या दुकानापाशी उभे होते, त्यांना हे दिसणं शक्य नव्हतं. बघणारी मीच होते, आणि सगळा बाजार.

मी ओरडले, “वहिनी, हात नको! मागे व्हा, जागा करा, मावशी येतायत!”