पायांवर ठेवलेली किल्ली

मी देवावर रागावलो होतो आणि तसं त्याला तोंडावर बोललोही होतो. आयटी पार्कचे टप्पे माण गावच्या भातखाचरांपर्यंत येऊन भिडले होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी मूळचा परभणीकडचा, नोकरीसाठी इकडे आलेला. हौसाबाई नावाच्या शेतकरी बाईंच्या घरात मी आणि माझी बायको मीरा भाड्याने राहत होतो. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. मीराला नववा महिना लागला होता. आधी एकदा आमचं बाळ गेलं होतं. दवाखान्यात न्यायला वाहन मिळेपर्यंत फार उशीर झाला होता. म्हणून या खेपेला मी ऐपत ताणून एक जुनी मोटार घेतली. तिला बटणाची किल्ली, आणि तीही एकच. जोडीची किल्ली आधीच्या मालकाने कधीच हरवली होती. रोज संध्याकाळी मी गाडी उगाचच चालू करून बघायचो, तेव्हा कुठे मला जेवण जायचं.

खंडेनवमीला मावशींनी देव्हाऱ्यापुढे पाट मांडला. त्यावर कोयता, खुरपी, नांगराचा फाळ आणि ट्रॅक्टरची चावी. मग मला हाक मारून म्हणाल्या, "तुज्या गाडीची चावी बी आण. ज्याच्यावर आपला जीव हाय, ते आज देवाच्या पायाशी ठेवायचं." मी किल्ली भैरोबाच्या टाकाशी ठेवली आणि मावशींनी हात सैल सोडून तिच्यावर झेंडू वाहिला. दसरा झाला. दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या बसने कामावर गेलो असताना त्यांनी पूजा उतरवली, हत्यारं जागच्या जागी लावली, ट्रॅक्टरची चावी खिळ्याला अडकवली आणि फुलांचा, आपट्याच्या पानांचा ढीग पाटीत भरून नदीत सोडून आल्या. माझी किल्ली त्या ढिगात होती. संध्याकाळी मी मागायला गेलो, तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

आम्ही नदीचा काठ धुंडाळला, पण झेंडू एव्हाना कुठल्या कुठे वाहून गेला होता. शोरूमला फोन केला. गाडीतला संगणक आपल्या किल्लीशिवाय कुणालाच ओळखत नाही, तेव्हा कुलपं आणि संगणक दोन्ही बदलावी लागतील, सामान बाहेरून येईल, दिवाळीनंतरच बघा, असं तिकडून सांगण्यात आलं. खर्चाचा आकडा ऐकून मी ओट्यावर बसलोच. मावशींच्या मुलाकडे मोटारसायकल आणि ट्रॅक्टर. अवघडलेल्या बाईला त्यावर कसं नेणार? रिक्षा गावात वेळेला मिळायची नाही, हे तर मी सोसून बसलो होतो. अंगणातली ती बंद गाडी बघवेना. मावशींनी अन्न सोडलं. एकटी मीरा तेवढी "होईल काहीतरी" म्हणत पोटावरून हात फिरवत होती, आणि त्याचाही मला राग येत होता. मी देव्हाऱ्यापुढे उभा राहून म्हणालो, "तुझ्या पायांवर ठेवली, आणि तूच नेलीस. आता आम्ही भरवसा ठेवायचा तरी कुणावर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी नवं लुगडं नेसून भैरोबाच्या देवळात निघाल्या. मला रजा टाकायला लावून सोबत घेतलं. देवापुढे बसून, दूधवाल्याशी बोलावं तशा खणखणीत आवाजात त्या बोलू लागल्या. "चूक माजी हाय. पोरीला कशापायी शिक्षा? तिच्या गाडीची चावी दे, न्हाईतर मी हितनं उठत न्हाई." एवढं बोलून त्यांनी मांडी घातली. मला तर तोंड कुठे लपवावं कळेना. शेजारी एक तरुण माणूस गुरवाकडून एका काळ्या पेटीची पूजा करून घेत होता. पेटीला हळदकुंकू लागलं होतं, वर हार होता. नारळ फोडून झाल्यावर तो माझ्याकडे वळला. "दादा, गाडी कंची हाय?"

तो कासार आंबोली गावचा. शहरात दुसऱ्याच्या दुकानात गाड्यांच्या किल्ल्या बनवायला शिकला होता आणि आता पहिल्यांदाच स्वतःचं यंत्र घेतलं होतं. गाडीला नव्या किल्लीची ओळख करून देणारं यंत्र! कामाला हात घालण्याआधी ते देवाला दाखवायचं म्हणून तो थेट देवळात आला होता. मावशींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग भैरोबाकडे. "लई लवकर ऐकलंस की," त्या देवाला म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

त्या तरुणाने आमच्या अंगणात गाडीच्या दाराचं कुलूप काढलं, त्याच्या खाचा पाहून किल्ली कातली, मग यंत्राची वायर स्टिअरिंगखाली जोडली. गाडीतला लाल दिवा लुकलुकत होता. तो विझला म्हणजे गाडीने किल्ली ओळखली. पहिल्या प्रयत्नात दिवा विझला नाही. त्याने कपाळाचा घाम पुसला. स्वतःच्या जोरावर तो हे काम प्रथमच करत होता. मीरा चहा घेऊन बाहेर आली आणि पायरीवर टेकली. तिच्याकडे पाहताना मला एकदम कळलं, की पाटावर किल्ली ठेवतानाही मी ती मनातल्या मनात मुठीत घट्ट धरूनच ठेवली होती. गाडी, किल्ली, बाळ, सगळं माझं, मी सांभाळणार. त्या क्षणी ती मूठ सुटली. तूच बघ, एवढंच मी मनात देवाला म्हणालो, आणि खरोखर हलका झालो. त्या तरुणाने पुन्हा किल्ली फिरवली. दिवा विझला. इंजिन गुरगुरलं, आणि मावशी एकाच वेळी रडल्या आणि हसल्या.

पैसे विचारले तर तो म्हणाला, "माजी पहिली भवानी देवाच्या दारातनं आलीया. हिच्यावर नफा न्हाई घ्यायचा. कोऱ्या चावीला पडलं तेवढं द्या." त्याच भावात त्याने जोडीची किल्लीही करून दिली. तेवढ्या पैशांत शोरूमवाला एक शब्दही बोलला नसता. मावशींनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि त्याच्याबरोबर स्वतःही जेवल्या.

कोजागिरीच्या सकाळी मीराच्या पोटात कळा सुरू झाल्या. मागच्या सीटवर मावशी तिचा हात धरून बसल्या, मी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली. आम्ही वेळेत पोचलो. मुलगी झाली. मी दवाखान्याच्या दारात, चारचौघांत, लहान मुलासारखा रडलो, आणि तसं सुखाचं रडणं मी पुन्हा कधी रडलो नाही.

हा चमत्कार होता का, हे मी कुणाला पटवायला जात नाही. परत मिळणारच असं धरून देवाच्या पायांवर ठेवणं आणि खरोखर ठेवणं, यातला फरक मला त्या अंगणात समजला, आणि त्यासाठी मी भैरोबाचा जन्मभर ऋणी आहे.

पुढच्या खंडेनवमीला मावशींनी पुन्हा पाट मांडला. माझी किल्ली ठेवताना त्यांनी तिला भलामोठा लाल दोरा बांधला. मग मी लेकीला देवाच्या पायांवर घातलं. डोळे मिटले, हात जोडले आणि तसाच बसून राहिलो. उचलायची मला अजिबात घाई नव्हती.

शेवटी मावशींनीच मला कोपराने ढोसलं. "आरं, उचल की तिला आता. देवाची फुलं खातीया."