उशाला गाव

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आम्ही तिघा विद्यार्थ्यांनी भाड्याची खोली घेतली, तेव्हा जुन्या खाटा विकणारा दुकानदार स्वतःच हातगाडी ढकलत आला. प्रत्येक खाटेवर आधी तो आडवा झाला, डोळे मिटून कूस बदलली. मग माझ्याकडं बघून ओरडला, “गाव कंचं, पावणं?”

“नेसरी.”

“मग डोस्कं तिकडं करा की! घर उशाला असलं की झोप लागतीया.”

तीन गावं, तीन दिशांना खाटा. मधे चालायला वाट उरली नाही. पुढं रस्त्यात दिसला की लांबूनच विचारायचा, “झोप लागतीया न्हवं?”

आता मी नेसरीतच राहतो. झोप लागेना की खाट फिरवतो. बायको चिडते, “उत्तरेला डोस्कं करून कोण झोपतंय का?”

उत्तरेला कोल्हापूर आहे, हे मी तिला सांगत नाही.