वामनरावांच्या अहवालातला एक रकाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतो — पण आधी थोडी बढाई मारू द्या. तेवढा माझा हक्क आहे.

नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत मी नकाशाखान्याचा प्रमुख होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. बारा माणसं, बारा उतरती टेबलं. कालव्याचा नकाशा आमच्याकडून वर गेला की साहेब लोक तो तपासायची तसदी घेत नसत, थेट सही ठोकत. दुसऱ्या शाखांतली माणसं आमच्याकडे बदली मागायची. माझा आवाज कधी चढला नाही. असा प्रमुख होणं सोपं असतं का? मला विचारा!

कारण पहिल्या वर्षी मी तसा नव्हतो. सेवाज्येष्ठतेने खुर्ची मिळाली होती, आणि समोरच्याच टेबलावर वामनराव बसायचे. नागपूरजवळच्या खाप्याचे, विणकराच्या घरातले. ट्रेसिंगच्या कापडावर त्यांची शाईची रेघ अशी उतरायची की चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायची वेळच येत नसे. कुणी अडलं की माझ्याकडे न येता त्यांच्याकडे जायचं. मी फाईल वाचायचं सोंग करून ते बघत बसायचो. जळायचो — दुसरा शब्द नाही त्याला.

त्या वर्षी सहायक प्रमुखाची एक जागा निघाली. पहिलं नाव वामनरावांचं. त्यांचा गोपनीय अहवाल भरायला माझ्यापुढे आला. त्यात एक रकाना — ‘बढतीस योग्य?’ मी लिहिलं, ‘अद्याप नाही.’ उघड वाईट शेरा मारला असता तर तो त्यांना कळवावा लागला असता. हा कळवावा लागत नव्हता. हे मला ठाऊक होतं का? चांगलंच ठाऊक होतं.

जागेवर बाहेरचा, वयाने लहान माणूस आला. त्याच दुपारी वामनराव माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“साहेब, मले सांगा ना, काहून नाही झालं? कुठं कमी पडून राहिलो मी? सुधारीन न!”

“वरूनच झालं हो ते,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटल्यावर अर्धा तास थांबून ते अक्षरं गिरवायला लागले. पन्नाशीला टेकलेला माणूस, कचेरीतलं सगळ्यात सुंदर अक्षर त्याचं — आणि तो अ, आ गिरवतोय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथून मी स्वतःला धरलं. पुन्हा जळायला लागलो की उठायचो, त्यांच्या टेबलाशी जायचो आणि सगळ्यांदेखत म्हणायचो, “वामनराव, हे मला शिकवा.” पहिल्यांदा जीभ उचलत नव्हती. मग सवय झाली. पुढे तर कुणाचाही अहवाल लिहिला की ज्याचा त्याला वाचून दाखवायचो. नियमात बसत नव्हतं, तरी. माझ्यातल्या हेवेखोर माणसाला मी वेसण घातली, आणि त्याचा मला अभिमान आहे. का नसावा?

दरवर्षी वामनरावांच्या त्या रकान्यात मी ‘योग्य’ लिहीत गेलो. पण जागा पुन्हा निघालीच नाही. ते त्याच टेबलावरून निवृत्त झाले.

निरोपाच्या दिवशी ते बोलायला उभे राहिले. म्हणाले, “बढती नाही भेटली, पण साहेब लाखात एक भेटले. यायनं कधी कोनाच्या मांगं काही लिहिलं नाही.” टाळ्या पडल्या. नंतर बोलायची पाळी माझी होती — मी त्यांना हार घातला आणि चार गोड वाक्यं बोलून खाली बसलो. त्यानंतर आठ वर्षं ते नागपुरातच, नंदनवन वस्तीत राहिले, माझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. आता ते नाहीत.

त्यांचं ते वाक्य मला आवडलं होतं. आजही कधी कधी ते आठवतं — आणि छाती फुगते.