फरकाचे मंगळवार

आमच्या शाळेत कुणाचा पगारवाढीचा आदेश आला की आधी पेढे, मग वाचन. माझा आला तेव्हा मुख्याध्यापकांनी पाकीट फोडायच्या आधीच शिपायाला हलवायाकडे पिटाळलं. बारा वर्षं नोकरी झाली की वरची वेतनश्रेणी मिळते. मला ती चौदा वर्षांनी मिळाली, म्हणजे मधल्या दोन वर्षांचा फरकही येणार होता. त्या थकबाकीतून मी मनातल्या मनात एक स्कूटी घेऊन टाकली. मुखेडहून शाळेच्या गावापर्यंत काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून माझ्या साड्यांच्या इस्त्रीला काही अर्थच उरला नव्हता.

पेढे संपले. रिकाम्या खोक्यात मी खडू ठेवायला लागले. पगार होता तेवढाच राहिला.

नवरा लातूरला खासगी नोकरीत. शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटे जातो. तो म्हणाला, "ऑनलाइन तक्रार टाक." टाकली. दोनच दिवसांत तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला. फरक कुठे निघाला होता?

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी ठरवलं की आता नांदेडच्या कार्यालयात खेटे घालायचे. आमचं बिल बघणारे भाऊसाहेब मंगळवारी हमखास जागेवर सापडतात, असं कळलं होतं. निघताना सासऱ्यांना सहज म्हटलं, "मामा, येता का?"

सहज म्हटलं खरं, पण ते तेवढं सहज नव्हतं. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून मामा खुर्चीत बसायचे आणि टीव्हीकडे बघायचे. कधी कधी तो बंदच असायचा. दाढी आठवड्याला, जेवण चिमणीएवढं. हा माणूस आयुष्यभर एसटी चालवलेला, तोही मुक्कामी गाड्यांवर. भोकर, उमरी, देगलूर, पार उदगीरपर्यंत गावोगाव रात्री गाडी लावायची आणि कुणाच्या ना कुणाच्या ओसरीवर जेवायचं. अशा माणसाला घरात गप्प बसलेलं मला बघवत नव्हतं.

मामा आले. गाडीत ड्रायव्हरच्या मागची सीट धरली आणि नांदेड येईपर्यंत त्याच्या गिअर टाकण्यावर टीका केली.

कार्यालयात भाऊसाहेबांनी कागद बघून एक त्रुटी काढली. मूळ प्रत हवी. पुढच्या मंगळवारी मूळ प्रत नेली, तर प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची सही पुसट निघाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाकावरून मामांनी भाऊसाहेबांना विचारलं, "साहेब, गाव कोणतं तुमचं?"

गाव उमरीकडचं निघालं. मामांचा तिथे मुक्काम झालेला होता. भाऊसाहेबांच्या चुलत्याच्या घरचं पिठलंही खाल्लेलं होतं. मग चहा आला. मग भाऊसाहेबांच्या मुलीचा विषय निघाला. बीएस्सी झालेली, दोन वर्षं स्थळं बघणं चालू, जमत नव्हतं.

"पोरगा कसा पायजे?" मामा बाकावर पुढे सरकले.

त्यानंतरचे मंगळवार असे: मामा सकाळीच दाढी करून तयार. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात चिठोऱ्या. दोघांपुरता डबा मी बांधायचा आणि त्यातली एक भाकरी भाऊसाहेबांना जायची. दर खेपेला एखादं नवीन स्थळ. एक कंधारचं, एक निलंग्याचं. निलंग्याच्या मुलाची उंची कमी पडली, कंधारच्या मुलाला मुलगी नोकरीवालीच हवी होती. शेजारच्या टेबलांवरच्या बायाही खुर्च्या फिरवून ऐकायच्या. माझी फाइल भाऊसाहेबांच्या कोपराखाली असायची, आणि निघताना ते म्हणायचे, "काका, पुढच्या मंगळवारी येताव ना? मॅडमचंबी तवाच बघू."

मला हळूहळू उलगडलं. बिल निघालं तर काका यायचे थांबतील, हीच खरी त्रुटी होती.

परतीच्या गाडीत मी फणकारले. "मामा, तुम्ही माझा फरक काढायला येऊन राहिलात का सोयरीक जमवायला?"

"दोन्ही व्हईल की."

"मग बिलावर सही होईपर्यंत एकही पत्ता द्यायचा नाही त्यांना. बघा कसं चटकन निघतं."

मामा म्हणाले, "सूनबाई, पोरीच्या लग्नाचं असं अडवून धरत न्हाईत."

मला लाज वाटली. पण स्कूटीही डोळ्यांपुढे होती, त्यामुळे थोडीच वाटली.

शाळा उघडायच्या आधीच्या मंगळवारी मामांनी अहमदपूरचं स्थळ नेलं. मुलगा दूध डेअरीत, आईवडील साधे. मामांनी त्याच्या आजोबांच्या ओसरीवर कितीतरी रात्री काढलेल्या. बघणं झालं, सुपारी फुटली, आणि त्याच आठवड्यात माझं बिल मंजूर. बँकेचा मेसेज आला तेव्हा मी दहावीच्या वर्गात प्रकाशाचं अपवर्तन शिकवत होते. उरलेला तास मुलांना आपापलं वाचा म्हणून सांगितलं. संध्याकाळी पुन्हा पेढे आणले, या वेळी मनापासून.

मामांनी एक पेढा खाल्ला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "झालं बाई तुझं काम."

मंगळवारी सकाळी मी शाळेला निघाले, तर ते दाढी करून, पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसलेले. माझ्याकडे बघितलं, स्वतःशीच हसले आणि उठून शर्टाच्या गुंड्या सोडायला लागले. पुढच्या मंगळवारी दाढी नव्हती. टीव्ही बंद, आणि ते त्याच्याकडे बघत होते.

त्या रविवारी नवऱ्यानं हौसेनं माझ्या फरकाचा हिशोब मांडला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. फरक एकाच वर्षाचा आला होता. पहिलं अख्खं वर्ष गायब. "कमाल आहे या लोकांची! आता पुन्हा पहिल्यापासून सगळं?" तो ओरडला.

एरवी त्याच्या वरताण मी ओरडले असते. अर्धी स्कूटी घेऊन काय करायचं? पण मला राग येईना. मी कागद तसाच उचलला आणि मामांच्या खुर्चीपाशी गेले.

"मामा, एका वर्षाचा फरक राहिलाय. सोडून दिलाय त्यांनी."

त्यांनी मान वर केली. "म्हंजी पुन्हा जावं लागंल?"

"जावं लागेल. आता तर रजा टाकून."

"किती फेऱ्या व्हतील?"

"भाऊसाहेबांना तुम्ही ओळखता. लई फेऱ्या होतील, मामा."

"हूं," मामा म्हणाले. "त्याच्या बाजूच्या टेबलावरच्या बाईंचा पोरगा हाय लग्नाचा." मग ते उठले, आत गेले आणि पांढरा शर्ट काखेत धरून बाहेर आले. चप्पल घालता घालता त्यांनी विचारलं, "इस्त्रीवाला आज रविवारी असतो का गं?"