उंचावर बसण्याची सवय

५ नोव्हेंबर २०१४, बुधवार. गाडीत माणसे दोन, कुत्री एक. तिन्ही जीव सुखरूप.

गाडीविषयी तसे म्हणता येत नव्हते. पेल्टोला कुटुंबाची मिनिव्हॅन त्या दुपारी हॅनकॉकच्या चढावर थांबली, ती कायमचीच. सोळा हिवाळे रस्त्यावरच्या बर्फावर टाकलेल्या मिठाच्या खारट चिखलाने तिचे पोट आतून पोखरले होते. गॅरेजवाल्याने ती उचलून धरली तेव्हा मागच्या चाकाजवळचा एक लोखंडी आधार गळून त्याच्या हातात आला. त्याने तो आर्वो पेल्टोलाच्या हाती सोपवला.

"दुरुस्त होईल?" आर्वोने विचारले.

"होईल की. हा तुकडा घरी ने आणि त्याला एक नवी गाडी जोड."

आर्वो त्या वेळी त्रेसष्ट वर्षांचा होता. त्यांपैकी एकतीस वर्षे त्याने कौंटीच्या, म्हणजे तिथल्या तालुक्याच्या, नोकरीत रस्त्यांवरचा बर्फ ढकलण्यात घालवली होती. ज्या ट्रकवर तो बसे त्याची केबिन जमिनीपासून नऊ फूट उंच होती. पहाटे चारला उठून तो त्या उंचीवर चढे आणि मग त्याला सगळा मुलूख वरून दिसे: मोटारींची छपरे, टपालपेट्यांच्या टोप्या, फावडे घेऊन अंगणात उभ्या असलेल्या माणसांच्या कानटोप्या. ती माणसे हात हलवत. त्यांच्या अंगणाच्या तोंडाशी तो नुकताच तीन फूट बर्फ लोटून गेलेला असे, त्यामुळे सगळेच काही स्वागताचा हात हलवत नसत. पण वरून तो फरक स्पष्ट दिसत नसे. अधिकाराच्या जागेवरून पुष्कळ गोष्टी स्पष्ट दिसत नाहीत, आणि त्या जागेवर बसलेला माणूस दृष्टी उत्तम असल्याची खात्री बाळगून असतो.

निवृत्तीनंतर तो मिनिव्हॅनमध्ये आला. तिथे त्याचे डोळे इतरांच्या गाड्यांच्या दिव्यांच्या रेषेत आले. याबद्दल तो कोणाशी अवाक्षर बोलला नाही. तो बोलत असे ते गाडीचे पोट जमिनीपासून किती इंच वर असावे याविषयी.

घरात आणखी दोन माणसे होती. बायको जॉयस दवाखान्याच्या खिडकीवर बसून रुग्णांची नावे लिहून घेत असे. आई लेम्पीबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या; त्यांचा एक खुबा कृत्रिम होता आणि दुसरा त्याच वाटेवर होता. दर बुधवारी त्या अकरा मैलांवरच्या हॅनकॉकला जात. तिथल्या चर्चच्या तळघरात चार हातमाग होते आणि जुन्या सदऱ्यांच्या, चादरींच्या पट्ट्यांपासून बायका त्यांवर सतरंज्या विणत. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात लेम्पीबाई घराबाहेर पडत त्या याच एका दिवशी. बुधवार गेला की हिवाळ्यात त्यांच्यापाशी खिडकीखेरीज काही उरत नसे.

तेव्हा गाडी लवकर घेणे आवश्यक होते. आर्वोने मात्र ती नीट घेण्याचे ठरवले. त्याने एका वहीत तीन रकाने आखले: साधी मोटार, मिनिव्हॅन, एसयूव्ही. साधी मोटार पहिल्याच संध्याकाळी बाद झाली.

"जानेवारीत आपल्या गल्लीतून ती नेली तर पोटानं बर्फ ढकलत जाईल," तो म्हणाला. "ते काम मी केलंय. त्याचा पगार मिळायचा."

उरलेल्या दोन रकान्यांत तो रोज भर घालू लागला. किती चाके जोर लावतात, एका गॅलनला किती मैल, डिकीत किती पोती, कुत्री चढू शकते का. वही वाढत गेली. १२ नोव्हेंबरचा बुधवार आला आणि गेला. एकोणीसचाही गेला.

शनिवारी संध्याकाळी शेजारच्या क्लिफर्डच्या सौनामध्ये, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, या विषयावर चर्चा झाली. घामाघूम झालेले दोन उघडे पुरुष वरच्या फळीवर बसले होते, आणि क्लिफर्डने तापल्या दगडांवर डावभर पाणी ओतले.

"एकतीस वर्षं कौंटीचा बर्फ ढकललास," तो म्हणाला, "आणि आता बाबागाडी ढकलणार?"

"अजून काही ठरलं नाही."

"सरकता दरवाजा, आर्वो. सरकता दरवाजा असलेल्या गाडीतून उतरणाऱ्या माणसाला हरीणसुद्धा घाबरत नाही."

आर्वोने हे घरी सांगितले नाही. पण दुसऱ्या दिवशी एसयूव्हीच्या रकान्यात दोन गुण वाढलेले जॉयसने पाहिले.

"क्लिफर्डची एसयूव्ही मागच्या वर्षी दोनदा खड्ड्यात गेली," ती म्हणाली.

"त्याचा वेग जास्त होता."

"चारही चाकं जोर लावतात म्हणून निघतो झोकात. थांबायचं कसं ते चार चाकं बघत नाहीत, टायर बघतात. हे तूच मला लग्नाआधी शिकवलंस."

"पोट उंच असतं तिचं."

"म्हणून तर खड्ड्यात इतकी आत जाते. बरं, आईंना विचारलंस?"

"विचारलं. काही बोलली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चालेल तिला."

"मागच्या हिवाळ्यात छपराचा बर्फ त्यांच्या खिडकीवर कोसळला, तेव्हाही त्या काही बोलल्या नव्हत्या," जॉयस म्हणाली. "तेही चाललं होतं का त्यांना?"

लेम्पीबाई खरोखरच बोलत नव्हत्या. त्या खिडकीशी बसून जुने कपडे फाडत, पट्ट्या जोडत आणि त्यांचे गोळे करत. माग नसल्याने गोळे साठत गेले. २६ तारखेला ते दिवाणावर आले आणि कुत्रीची नेहमीची जागा गेली. ३ डिसेंबरला ते घरच्या सौनाच्या फळीवर पोहोचले आणि आर्वोला अंघोळीसाठी कायमचा क्लिफर्डचा आश्रय घ्यावा लागला. तक्रार म्हणून याकडे पाहण्याचे त्याला सुचले नाही. विणकामगट चालवणाऱ्या सिल्वी मात्तिला यांना कोणी फोन केला असता, तर त्या दर बुधवारी अकरा मैल येऊन लेम्पीबाईंना घेऊन गेल्या असत्या. पण लेम्पीबाई कोणाकडे काही मागत नसत. आणि आर्वोच्या मते, एकतीस वर्षे सगळ्या तालुक्याचा रस्ता मोकळा करणाऱ्या माणसाने आपल्या आईला दुसऱ्याच्या गाडीतून पाठवणे शोभणारे नव्हते. दोघांच्याही स्वाभिमानाची किंमत एकच व्यक्ती मोजत होती.

१० डिसेंबरला, पुन्हा एका बुधवारी, ब्रेंट नावाच्या तरुण विक्रेत्याने एक भलीमोठी राखाडी एसयूव्ही दिवसभर चालवून पाहायला दिली. आर्वोने प्रथम कुत्रीला चढवून पाहिले. ती एका उडीत आत गेली. वहीत त्याने तशी खूण केली आणि तिला उतरवले. नंतर लेम्पीबाईंची पाळी आली. दुधाचा प्लास्टिकचा क्रेट उपडा ठेवला गेला. जॉयसने एका बाजूने आणि आर्वोने दुसऱ्या बाजूने त्यांना काखेत धरून वर उचलले आणि मागच्या सीटवर ठेवले. लेम्पीबाई त्यांच्या हातांकडे पाहत राहिल्या.

"सीट गरम होते, आई," आर्वो म्हणाला. "खालून."

जॉयसने नवऱ्याकडे एकदा पाहिले आणि ती कामावर गेली.

हॅनकॉकमध्ये चर्चला जाण्याआधी आर्वो सहकारी दुकानापाशी थांबला. "कॉफी आणि राय धान्याचा पाव घेतो. पाच मिनिटं," असे सांगून इंजिन चालू ठेवूनच तो उतरला. दुकानासमोर आठ-दहा गाड्या तशाच किल्लीसकट धुगधुगत उभ्या होत्या. थंडीत इंजिन बंद करणे हा त्या गावात चोरीपेक्षा मोठा अविचार मानला जातो. आत त्याला तीन ओळखीचे निवृत्त गृहस्थ भेटले. गाडीचे पोट किती इंच वर असावे, यावर चौघांची मते चार निघाली. पाच मिनिटांची पंचवीस झाली.

बाहेर येऊन तो चढून बसला. आरशात मागच्या सीटची जाडजूड उशी तेवढी दिसत होती. येतानाही तेवढीच दिसली होती, कारण लेम्पीबाईंची उंची पावणेपाच फूट होती.

"आई, चर्चला जायच्या आधी तुला जरा डोंगरावरून फिरवतो," तो म्हणाला. "चढ कसा घेते बघ. उशीर नाही ना होत?"

मागून उत्तर आले नाही. त्याने ती संमती मानली आणि गाडी डोंगराकडे वळवली.

गाडीने चढ उत्तम घेतला. आर्वो खुलला. घरात त्याला इतके बोलताना कोणी ऐकले नव्हते. पण आई बोलत नाही म्हणजे ऐकते आहे, आणि ती ऐकते आहे म्हणजे तिला पटते आहे, या समजुतीवर त्याचे अर्धे आयुष्य गेले होते.

"तुला सांगतो, आई. लोकांना वाटतं मला मिरवायचंय. तसं नाही. ट्रकवर होतो तेव्हा वरून सगळं दिसायचं. कोणाच्या धुराड्यातून धूर येतोय, कोणाच्या नाही. म्हाताऱ्या नीमीचा धूर नव्हता त्या दिवशी मीच थांबलो आणि मीच डॉक्टरला बोलावलं. खाली बसलं की काही दिसत नाही. खाली बसलं की आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतं."

हे वाक्य त्याने आजवर कोणालाही सांगितले नव्हते. माथ्यावर त्याने गाडी थांबवली. खाली कालवा गोठला होता आणि दोन्ही काठांवरच्या छपरांतून धूर निघत होता.

"दिसतंय ना तुला तिकडून?" असे म्हणून तो वळला.

सीट रिकामी होती. पट्टा नीट गुंडाळून ठेवलेला होता. सीट गरम होती, खालून.

त्याने सीटखाली पाहिले. डिकी उघडली. मग त्याने कडेच्या बर्फाकडे पाहिले. त्या चढाच्या कडेला एकतीस वर्षे बर्फाचे ढीग त्यानेच रचले होते. कडेला पडलेली वस्तू ट्रकच्या पात्याखाली आली तर तिचे काय होते हे त्याच्याइतके त्या तालुक्यात कोणाला ठाऊक नव्हते. दार उघडले असेल, वळणावर ती घसरली असेल, आणि मी बोलत असेन. तो पायी चालण्याच्या वेगाने, काच खाली करून, "आई, आई" अशा हाका मारत डोंगर उतरला. मागे सात गाड्यांची रांग लागली. एकानेही भोंगा वाजवला नाही; त्या भागात माणूस आईला हाका मारत चालला असेल तर ती त्याची खाजगी बाब समजली जाते.

दुकानात पोहोचेपर्यंत त्याचे ओठ निळे पडले होते.

"माझी आई," तो गल्ल्यावरच्या मुलीला म्हणाला. "म्हातारी. निळी टोपी."

"निळ्या टोपीच्या आज पाच येऊन गेल्या," ती म्हणाली. "मोठ्या राखाडी गाडीतल्या?"

"हो."

"त्या गेल्या की. गाडीचं दार बर्फाच्या ढिगाला लागून होतं ना, दार उघडून सरळ ढिगावर आल्या, आणि वाट पाडलीय तिथून काठी टेकत खाली. सिल्वीबाईंच्या व्हॅनमध्ये बसल्या. कोणी हात द्यायला गेलं तर काठी उगारली."

"काही म्हणाल्या?"

मुलीने आठवून पाहिले. "'पायरी बरी आहे' म्हणाल्या. सिल्वीबाईंच्या गाडीला."

चर्चच्या तळघरात चारही माग चालू होते. लेम्पीबाई तिसऱ्यावर बसल्या होत्या आणि पाच आठवड्यांचा आवेश एकदम बाहेर काढत होत्या. आर्वो समोर जाऊन उभा राहिला. त्याच्या टोपीवर बर्फ होता.

"आई, सांगायचं तरी."

"कोणाला? तू आत होतास."

"मी तुला डोंगरावर शोधत होतो."

"डोंगरावर मी कशाला जाईन?" लेम्पीबाई म्हणाल्या. "बुधवार आहे."

"कॉफी घे, आर्वो," सिल्वी मात्तिला म्हणाल्या. "आणि बस. खालच्या बाकावर बस, वरचा मोडलाय."

कोणी हसले नाही. पण चारपैकी दोन माग थांबले. आर्वोने कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला. अर्धा कप संपल्यावर त्याने महिनाभर वहीत न लिहिलेला प्रश्न विचारला.

"तुला कुठली गाडी हवी, आई?"

लेम्पीबाईंचा माग थांबला. त्यांनी धोटा मांडीवर ठेवला.

"जिच्यात मला कोणी ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. "मी बसेन."

"आणि बर्फाचं?"

"बर्फाचं तू बघ. तुला त्यातलं कळतं."

आर्वो कॉफी संपवून बाहेर गेला. तळघरातली लाकडी मोजपट्टी त्याने मागून घेतली होती. सिल्वी मात्तिला यांच्या व्हॅनची पायरी जमिनीपासून सोळा इंचांवर भरली; राखाडी एसयूव्हीची एकवीस. या पाच इंचांसाठी वहीत रकानाच नव्हता. चाळीस पानांच्या त्या वहीत कुत्रीच्या उडीची नोंद होती.

पुढच्या सोमवारी त्याने वापरलेली एक मिनिव्हॅन घेतली आणि तिला चार उत्तम हिवाळी टायर स्वतः बसवले. ब्रेंटने कारण विचारले तेव्हा "पायरी" एवढेच उत्तर त्याला मिळाले. क्लिफर्डने बाबागाडीविषयी जे बोलायचे ते नऊ दिवस बोलून घेतले. दहाव्या दिवशी त्याची एसयूव्ही तिसऱ्यांदा खड्ड्यात गेली आणि मिनिव्हॅन तिच्या शेजारून हळूहळू, सरळ निघून गेली. आर्वो अर्थात थांबला. सरकता दरवाजा उघडून त्याने क्लिफर्डला आत घेतले आणि वाटेत त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. जॉयसच्या मते, ते त्याने आईकडून शिकलेले पहिले उपयुक्त शस्त्र होते.

चालकाच्या सीटवर आता एक जाड उशी आहे. ती किती इंच आहे हे घरात कोणी विचारत नाही.

१७ डिसेंबरला लेम्पीबाई काठी आत टाकून, दाराची कड धरून, स्वतः गाडीत बसल्या. त्यात चार मिनिटे गेली. आर्वो दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला. त्या दिवसाचे सर्वांत अवघड काम तेच होते. मग त्या म्हणाल्या, "चल." गोळ्यांची सहा पोती मागे होती.

१२, १९ आणि २६ नोव्हेंबर, आणि ३ डिसेंबर. हे चार बुधवार लेम्पीबाईंना अद्याप कोणी भरून दिलेले नाहीत.