चुन्याचा ठिपका

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या भावाला नाही. भावाला तर मुळीच नाही — का, ते पुढे येईलच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही उमेळ्याच्या घरातले नाहीत. ऐकून झाल्यावर तुम्ही माझ्याकडे कसं बघाल, ते मला दिसणार नाही. एवढंच धैर्य आहे माझ्याकडे, खोटं कशाला बोलू?

आम्ही विरारला राहतो, सातव्या मजल्यावर. महेशचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, मूळ घर उमेळ्याला. रिक्षा मिळाली तर तासाभराचाही रस्ता नाही. पण नाताळात शाळांना सुट्टी लागली की आम्ही बॅगा भरून असे निघतो, जसे काही काश्मीरला चाललोय. मुलांचे स्वेटर, कफ सिरप, धाकट्याचा झोपायचा ठरावीक टॉवेल. शेजारीण दरवर्षी विचारते, कुठे बाहेरगावी का? मी हो म्हणते. तसं ते बाहेरगावच आहे मला. मी साताऱ्याकडची. लग्न होईपर्यंत वाडी म्हणजे चार घरांची वस्ती, एवढंच मला माहीत. इथे वाडी म्हणजे केळी, नारळ, पानवेल, मधे विहीर. हे कळायला मला एक वर्ष लागलं, आणि सासूबाईंना हसू आवरायला दोन.

सासूबाई प्रेमळ होत्या. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल सासूच्या धाकानं झालं असेल — तर नाही. धाक कसलाच नव्हता.

त्या सुट्टीची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उकडहंडी. मातीच्या हंडीत वालपापडी, रताळी, वांगी, कच्ची केळी, ओलं खोबरं, ओवा, लसणीची पात, असं सगळं भरून तोंड बंद करायचं आणि मंद जाळावर ठेवायचं. आणि त्यात हवाच हवा तो कंद म्हणजे कोनफळ. आतून जांभळं, शिजलं की लोण्यासारखं. आमच्या वाडीतलं कोनफळ तर असं गडद की मुलांचे ओठ रंगायचे. ते बियाणं सासूबाईंनी माहेरून, चांदीपहून, लग्नात पदरात बांधून आणलेलं. पुढे माहेरची ती जमीन विकली गेली, भाऊही राहिले नाहीत. उरलं ते आमच्या वाडीत होतं तेवढंच. दर हिवाळ्यात त्या चांगली कोनफळं निवडायच्या, त्यांवर पानाच्या डबीतल्या चुन्याचा ठिपका द्यायच्या आणि पडवीतल्या टोपलीत पेंढ्याखाली ठेवायच्या. ठिपक्याच्या कोनफळाला कुणी हात लावायचा नाही. पावसाच्या आधी ती लावायची. आणि लावताना पहिला खड्डा पूर्वाचा.

पूर्वा म्हणजे माझ्या थोरल्या जावेची मुलगी. तेव्हा आठ वर्षांची. आजीची सावलीच म्हणा ना. आमची अन्वी पाच वर्षांची होती आणि टीव्हीपुढून हलायची नाही. पूर्वाला मात्र वेल कुठे चढवायचा, माती किती ओढायची, सगळं पाठ. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "ही माझी वाडी राखील." आठ वर्षांच्या पोरीला याहून मोठं काय असतं?

त्या वर्षी वाडीत घुशी लागल्या. घरची कोनफळं तीनच हाती आली. तिन्हींवर ठिपका. खायची म्हणून भाऊजींनी, म्हणजे पूर्वाच्या वडिलांनी, बाजारातून आणली, तीही पडवीतच, दुसऱ्या टोपलीत. बारकी, मातकट, आतून फिकट. हंडीच्या आदल्या दिवशी पूर्वा आणि अन्वी पडवीत दुकान-दुकान खेळल्या. पूर्वानं ती तीन कोनफळं काढून मांडली, विकली, परत विकत घेतली. सासूबाईंनी तिला दटावलं आणि पुन्हा पेंढ्याखाली ठेवायला लावली. तिनं ठेवली. हे नीट लक्षात ठेवा — तिनं ठेवली. मी पाहिलं होतं.

आणि दुसऱ्या दिवशी जेवायला माझा दादा येणार होता.

लग्नानंतर पहिल्यांदा. साताऱ्याहून, वहिनीला घेऊन. माहेरी माझ्या लग्नाबद्दल एक नाराजी होती — मुलगी कुठे त्या विरारला दिली, पाण्याचा पत्ता नाही, नुसत्या इमारती. मला दादाला दाखवायचं होतं. ही वाडी, ही विहीर, ही माणसं. केळीच्या पानावर वाफाळणारं जांभळं कोनफळ. बघ, माझं काही वाईट झालेलं नाही. तुम्हाला नाही का कधी असं वाटलं, माहेरच्यांपुढे? मला वाटत होतं.

सकाळी ताईंनी, म्हणजे जाऊबाईंनी, मला पडवीतून कोनफळं आणायला सांगितलं. मी गेले. अन्वी मागे मागे. मी बाजाराचं एक उचललं, नखानं खरवडून पाहिलं — पांढुरकं. दुसरं — तसंच. मग पेंढा बाजूला केला.

ठिपका मला दिसला होता. त्याचा अर्थही मला माहीत होता. इतकी वर्षं महेशही असंच समजतो की मला कळलंच नसेल. कळलं होतं. मनात म्हटलं, बियाणं काय, बाजारात मिळतं. मे महिन्यात आणून देऊ. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला बियाणं म्हणजे दुकानातलं पाकीटच वाटतं ना? पण तेही पूर्ण खरं नाही. बाजारात मिळतं असं खरंच वाटत असतं, तर मी ठिपके खरवडले असते का?

मी ते खरवडले. उजव्या अंगठ्याच्या नखानं. चुना आदल्याच दिवशी दिलेला, पेंढ्याखाली अजून अर्धवट ओला. अंगठ्याला विळी लागलेली होती, त्यात तो गेला आणि असा झोंबला की मी अंगठा तोंडात घातला. अन्वी म्हणाली, "आई, काय करतेस?" मी म्हटलं, "माती काढतेय."

तिन्ही मीच सोलली, मीच चिरली. हंडी लागली. दादा आला, वाडी फिरला, विहिरीत डोकावला, दोनदा म्हणाला, "छान आहे गं." दुपारी पडवीसमोर पंगत बसली. पानावर जांभळ्या फोडी पडल्या आणि वहिनीनं मोबाइल काढून फोटो घेतला. त्या पाच मिनिटांत मी फार सुखात होते. हेही सांगायलाच हवं.

सासूबाई साली केळीच्या बुंध्याशी टाकायला गेल्या होत्या. परत आल्या त्या हातात साल घेऊनच. साल जाड, घरची, आणि एका कडेला अर्धा खरवडलेला ठिपका.

"बियान्याला हात कोनी लावला?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग ताईंनी पूर्वाकडे पाहिलं. काल खेळलेली तीच. ओरडा खाल्लेली तीच. एका क्षणात सगळ्यांचा हिशोब जुळला: हिनंच खेळताना ठिपके काढले आणि कोनफळं खायच्या टोपलीत टाकली. भाऊजींनी माझी बाजूही घेतली — "काकीला काय माहीत? समोर दिसलं ते तिनं चिरलं." आणि सासूबाई म्हणाल्या, "तिला कसा कलनार? ती बिचारी फ्लॅटातली."

बिचारी. बघा. मला काही करावंच लागलं नाही. त्यांनीच मला बाजूला नेऊन बसवलं.

पूर्वा म्हणाली, "मी परत ठेवली होती." ताईंनी एक सणसणीत ठेवून दिली, वर खोटं बोलते म्हणून. पाहुण्यांसमोर. माझ्या दादासमोर. पूर्वा रडली नाही, नुसती आजीकडे बघत राहिली. आजीनं मान फिरवली.

आणि तेव्हा माझ्या मांडीला लागून बसलेली अन्वी म्हणाली, "आईने —"

मी पानावरची कोनफळाची फोड उचलली आणि तिच्या तोंडात कोंबली. गरम होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारून कुणीतरी म्हणालं, अगं फुंकर घालून दे. मी फुंकर घातली. कोंबून झाल्यावर.

संध्याकाळी शेजारच्या ख्रिस्ती आळीत सगळी मुलं येशूजन्माचा गोठा बघायला गेली, आकाशकंदील बघायला, केक खायला. पूर्वाला नेलं नाही. ती पडवीच्या पायरीवर बसून होती. मी तिच्याजवळून दोनदा गेले. एकदा पाणी आणायला आणि एकदा — एकदा सांगायलाच गेले होते. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "काकी, मी ठेवली होती ना परत? तू होतीस ना?"

मी म्हटलं, "मला नाही गं आठवत."

त्या चार शब्दांपुढे चुना खरवडणं काहीच नाही, असं मला कधी कधी वाटतं.

सासूबाईंनी त्या साली गोळा करून विहिरीजवळ पुरल्या. एखादा डोळा फुटला तर फुटला. त्यांना रोज पाणी कोण घालायचं? पूर्वा. शाळेतून आली की दप्तर टाकायचं आणि तांब्या घेऊन तिकडे. ताई मला फोनवर हसत सांगायच्या, वेडी आहे हो. पाऊस लागेपर्यंत तिनं घातलं पाणी. काही उगवलं नाही.

पुढे त्याची चेष्टा झाली. आपल्या घरांत होतं ना तसंच, दुखणं जुनं झालं की त्याचा विनोद होतो. दर नाताळात हंडी लागली की भाऊजी हाक देतात, "अरे, पूर्वाला पडवीत सोडू नका, बियाणं खाईल." सगळे हसतात. बाजारचं फिकट कोनफळ चावत कुणीतरी म्हणतं, ती चव गेली ती गेलीच. पूर्वाही हसते. मीही हसते. दरवर्षी. सहा हिवाळे झाले.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. शेवटच्या दिवसांत मी त्यांच्यापाशी होते. एका दुपारी त्यांनी कपाटातून एक पत्र्याचा डबा काढायला लावला. वालाचं आणि चवळीचं बियाणं, राखेत घोळवलेलं. माझ्या हातात दिला. "पूर्वीकडं नको," त्या म्हणाल्या. लाडानं पूर्वीच म्हणायच्या. "पोर चांगली हाय, पन तिला बियान्याची किंमत नाय. तू ठेव." तेव्हा तरी? तेव्हा तरी तोंड उघडायला काय झालं होतं? मरणाऱ्या बाईला धक्का नको, असं मी स्वतःला समजावलं. डबा घेतला. विरारच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर आहे तो. अजून उघडलेला नाही.

आणि आता या नाताळात. आमच्या चुलतदिराचं नुकतंच लग्न झालंय. त्याची नवी बायको पहिल्यांदाच हंडीला आली होती. ती सहज म्हणाली, तुमच्याकडे घरचं कोनफळ नाही का लावत? भाऊजींनी लगेच पूर्वाकडे बोट केलं. पूर्वा आता चौदाची. उंच झालीय, केस कापलेत. ती हसून म्हणाली, "मीच ती गुन्हेगार!" आणि सगळी गोष्ट तिनं स्वतःच सांगायला घेतली, रंगवून. दुकान-दुकान, टोपली, आजीचा चेहरा. लोक हसत होते. मी वाढत होते.

मग ती म्हणाली, "मला ना, अजून तो क्षण आठवतो. मी नखाने चुना खरवडत होते, आणि तो नखात गेला, इतका झोंबला! मी अंगठा तोंडातच घातला होता."

तिनं अंगठा वर करून दाखवला. उजवा.

ती खोटं बोलत नव्हती. तिला आठवत होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून इतकी वर्षं सांगितलं, आणि शेवटी माझा अंगठा तिनं स्वतःचा म्हणून घेतला. "मी परत ठेवली होती" म्हणणारी ती मुलगी आता कुठेच नाही, तिच्यातसुद्धा नाही. कुठून आली तिच्याकडे ती झोंब? मी तर कुणाला बोलले नव्हते. हे ज्याला दिसलं होतं असं घरात एकच माणूस.

मी अन्वीकडे पाहिलं. खेळता खेळता कधीतरी तिनंच तो झोंबलेला अंगठा पूर्वाला सांगितला असेल, माझं नाव गाळून. अकरा वर्षांची आहे ती आता. ती माझ्याकडेच बघत होती. मग तिनं पानावरची कोनफळाची एक फोड उचलली, माझ्यावरची नजर न काढता तोंडात घातली, आणि चावत बसली.

सगळे हसत होते. मीही हसले.