लक्ष्म्या हलवायच्या राहिल्या

ताडकळसला मी शाळेत शिक्षक होतो तेव्हाची गोष्ट. बायकोला जाऊन वर्ष उलटलं होतं, मूलबाळ नव्हतं, आणि घरात बोलणारा म्हणजे एकटा रेडिओ. चावडीवर विद्यापीठाच्या नामांतरावरून रोज हमरीतुमरी चाले. पूर्वी मीही तावातावाने भांडायचो, आता तिकडे पाऊल वळत नसे. कुणी जेवायला बोलावलं की ‘आत्ताच झालं’ म्हणायचं आणि घरी येऊन शिळी भाकरी कुस्करायची. कुणी कीव केलेली मला मुळीच खपत नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या करायच्या होत्या. कुळाचार तो, चुकवून कसं चालेल? पत्र्याच्या कोठ्या मांडल्या, त्यांवर पितळी मुखवटे ठेवले. साड्या नेसवणं मात्र माझ्या बापजन्मात जमलं नसतं. धाकटीच्या निऱ्या अशा आल्या की बाई बाजाराला उशीर झाला म्हणून पळत निघालीय असं वाटावं. थोरलीला मी बायकोची रोजच्या वापरातली हिरवी साडी नेसवली. नवी आणायचा उत्साहच नव्हता.

शेजारच्या मावशी दर्शनाला आल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. “गुर्जी, आवं ह्याला काय नेसनं म्हनायचं का?” मग त्यांनी थोरलीची साडी ओळखली आणि तोंडावरचा पदर खाली आला.

तिसऱ्या दिवशी मुखवटे जागचे हलवले की लक्ष्म्या गेल्या असं मानतात. माझा हात थोरलीच्या मुखवट्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. शाळेतून येऊन दार उघडलं की समोर ती साडी उभी असायची. वर्षभरात पहिल्यांदाच घरात कुणीतरी आहे असं वाटत होतं. मी त्या हलवल्याच नाहीत.

गावात असलं काही लपतं होय? दुसऱ्याच दिवशी मावशी दारात हजर. मी भांडायच्या तयारीतच होतो. त्यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“माहेरपनाला आलेल्या लेकी हायत,” त्या म्हणाल्या. “ऱ्हाऊ द्या की अजून चार दिस.”

तेव्हापासून गल्लीतल्या बायका रोज संध्याकाळी थोरलीसाठी ताट घेऊन येऊ लागल्या. “लय वाळलीस गं बाई, खा जरा,” म्हणत तिच्याशी खुशाल बोलायच्या. कुणी सासूची गाऱ्हाणी सांगायची, कुणी कापसाच्या पऱ्हाटीला बोंडं कशी लागलीत ते. नैवेद्य टाकून देता येत नाही, म्हणून मी जेवायचो. गरम भाकरी, अंबाडीची भाजी. सुरुवातीला कोपऱ्यात बसून नुसता ऐकायचो, नंतर मध्येच माझंही एखादं वाक्य जायला लागलं.

पौर्णिमा जवळ आली तशा मावशी म्हणाल्या, “गुर्जी, आता पितरं लागायलेत. लेकीला लय दिस अडवून ठिवू नाई.”

सगळ्या जणी जमल्या, दोघींच्या ओट्या भरल्या. मुखवट्यांना मात्र कुणी हात लावेना. “तुमीच,” मावशी म्हणाल्या. मी हलवले आणि सगळ्यांदेखत, छड्या खाल्लेल्या पोरासारखा रडलो. साडीची घडी बायकांनीच घातली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर समोर कोरी भिंत. तिला जाऊन वर्ष झालं होतं, पण ती गेली असं मला त्या संध्याकाळी कळलं. आता कुणाला यायचं कारणही उरलं नव्हतं. दिवेलागणीलाच दार लावून घेतलं.

कडी वाजली. मावशी झाकलेलं ताट घेऊन उभ्या होत्या.

“मावशी,” मी म्हणालो, “आता घरात कुणी नाही.”

त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. “का? तुमी हाव की.”